वास नसलेली गाडी

६ जानेवारी, मंगळवार

रिक्षात शालनला तीन वेळा उलटी. दोनदा पिशवीत, एकदा रस्त्याच्या कडेला. डायलिसिस झालं की तिला कसलाच वास सोसत नाही — आणि उचगावपर्यंत आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर! डिझेलचा सगळा धूर आत. रिक्षावाला म्हणाला, "काका, बाजू काडायला जागाच न्हाय." खरंच नव्हती. मी शेजारी बसून पिशवीचं तोंड उघडं धरलं. एवढंच.

घरी आल्यावर कॉटवर पडली. डोळे मिटूनच म्हणाली, "वास नसलेली गाडी मिळती का वो कुठं?"

बघू म्हणालो.

९ जानेवारी, शुक्रवार

ती मशीनवर, मी बाहेर बाकावर. चार तास. कँटीनवाल्यानं विचारलं, "काका, चहा कसा झालाय? आज नवा माणूस हाय." काय सांगणार? गरम होता.

११ जानेवारी, रविवार

पोरीनं, स्नेहलनं, एक तारखेला तिच्या पतसंस्थेची डायरी आणून दिली होती, नव्या वर्षाची. तीच ही. "लिहा काहीतरी," म्हणाली. "बोलत न्हाई तर न्हाई, लिहा तरी." म्हणून लिहितोय. एसटीत एकतीस वर्षं रोज लॉगशीट भरली. सुटली किती वाजता, पोचली किती वाजता. तसंच हे.

तिनं आज मोबाईलवर गाडी दाखवली. विजेवरची. "बाबा, हिला धूर न्हाई, वास न्हाई, गचके न्हाईत. आईला पायजे तशी." नवी परवडायची नाही. ही सहा वर्षांची जुनी. कोल्हापुरात टाकाळ्यावर कुणी निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांची. सहा वर्षांत फिरली किती — आठ हजार नऊशे बारा किलोमीटर!

पहिला विचार हाच आला की मीटर मागं घेतलाय. गडहिंग्लज–कोल्हापूर लाईनवर मी एवढं चाळीस दिवसांत करत होतो.

"चालवणार कोण?" विचारलं.

"मी. लायसन काढलंय की मागच्या वर्षी. तुम्ही फक्त गाडी बघून द्या."

हे बोलताना माझ्याकडं बघितलं नाही तिनं. शालनपण नाही. दोघी मोबाईलकडंच बघत होत्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. स्नेहलची अर्धी सुट्टी. टाकाळ्यावर जाऊन गाडी बघून आलो.

रशिदा मॅडम. सदुसष्ट वर्षांच्या. बारीक, ताठ, जाड भिंगाचा चष्मा. फाटकातच म्हणाल्या, "पावणं, आधी तिळगूळ घ्या. शेजारणीनं डबाभर दिलाय. मग गाडीला नावं ठेवा."

गाडी पेरूच्या झाडाखाली, वर जाड कापड. कापड काढलं. पांढरी. एक ओरखडा मागच्या बंपरला, "तो माझा नाही, दूधवाल्याचा."

मी माझ्या पद्धतीनं बघितली. मीटरवर कुणाचा विश्वास? ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघायचं. तिथं खोटं बोलता येत नाही. रबरावरची नक्षी नवीकोरी. ड्रायव्हरच्या सीटची कड उसवलेली नाही. स्टिअरिंगला चकाकी आलेली नाही. मीटर खरा होता.

मग टायर. नक्षी भरपूर, पण नख रोवलं तर रोवेना. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ३४१९. म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. चारी टायर तेच. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण वाळतो. कडेला बारीक भेगा. ब्रेक मारला तर धरायचा नाही.

"चारी बदलायला लागतील," म्हणालो.

"तीन वर्षांत आलेल्यांपैकी आत्ता कुठं एकानं नीट बघितली!" मॅडम म्हणाल्या. "बाकीचे नुसतं दार उघडून गाणं लावून बघतात."

एवढी कमी का फिरली ते त्यांनीच सांगितलं. साठाव्या वर्षी गाडी शिकल्या. यजमान वारले होते, मुलगी मेहक दुबईला. खासगी शाळेतली शेवटची दोन वर्षं घर ते शाळा, शाळा ते घर. दीड किलोमीटर. लांबची फेरी फक्त रविवारी, बहिणीकडं. पुढं रिटायर झाल्या आणि मग डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरनं गाडी बंद केली. तरीपण दर रविवारी सुरू करून फाटकापासून झाडापर्यंत पुढं-मागं. "एवढं दिसतं मला. झाड काय पळून जात नाही."

म्हणून दिव्या-मीटरची छोटी बॅटरी जिवंत राहिली. गाडी ओढणाऱ्या मोठीचं आजमावून बघायला लागेल. पूर्ण चार्ज करून, साठ-एक किलोमीटर चालवून.

किल्ली त्यांनी माझ्यापुढं धरली. मी स्नेहलकडं बोट केलं.

१५ जानेवारी, गुरुवार

शालननं विचारलं, कशी हाय गाडी? चांगली आहे म्हणालो. "आवडली का तुमाला?" चारी टायर वाळलेत म्हणालो.

१८ जानेवारी, रविवार

कोडोलीपर्यंत जाऊन आलो. स्नेहल चालवायला, मी तिच्या शेजारी, मॅडम मागं. "माझी गाडी आहे, मी येणार!" वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शंभर टक्के चार्ज घेऊन निघालो. गाडी खरंच आवाज करत नाही. सिग्नलला थांबलो तर मला वाटलं बंद पडली. गिअर नाही, क्लच नाही, एक गोल बटण फिरवायचं. पाय उचलला की आपली आपण ओढून धरते. स्नेहलला सांगितलं, ब्रेक उशिरा दाबू नको, आधी पाय उचल. मागं बसलेल्याच्या पोटाला कळतं.

वाघबिळाच्या चढाला भरभर टक्के उतरले, स्नेहल घाबरली. उतारावर दोन परत आले. कोडोलीत पोचलो तेव्हा ऐंशी. परत टाकाळ्यावर एकोणसाठ. साठ किलोमीटरला एक्केचाळीस टक्के. म्हणजे पूर्ण चार्जवर दीडशेच्या आसपास. आम्हाला जाऊन-येऊन बावीस-पंचवीस पुरे.

कोडोलीत चहाला थांबलो. स्नेहल फोनवर बोलत बाजूला गेली. मॅडमनी विचारलं, "एसटीत किती वर्षं?"

"एकतीस."

"मग पोरीला का चालवायला लावता?"

सांगितलं. तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीतच होतं. इथंही लिहितो, एकदाच.

२०२२ चा डिसेंबर. गडहिंग्लजहून सुटलेली सकाळची कोल्हापूर गाडी. पुढं उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या, रस्त्यावर पाला आणि कांड्या. पोरगा मोटरसायकलवर डावीकडून आला. पाल्यावर घसरला. माझ्या मागच्या चाकाखाली. आरशात दिसला नाही. गचका बसला तेव्हा मला वाटलं ऊस आहे. कंडक्टर ओरडला म्हणून थांबवली. चौकशी झाली, कोर्ट झालं. तुमची चूक नाही म्हणाले सगळे. नंतर खात्यानं टेबलावर बसवलं. गेल्या मेमध्ये रिटायर झालो. स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

मॅडमनी कप उचलला. बशीत चहा ओतला, प्यायल्या. मग म्हणाल्या, "नाव काय त्याचं?"

"वरद. बावीस वर्षांचा."

पोलिसांनी विचारलं होतं, वकिलानं विचारलं होतं. असं कुणी विचारलं नव्हतं.

रडू येईल असं वाटलं होतं, सांगितल्यावर. नाही आलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

गाडी घ्यायची ठरलं. टायरचं मॅडमनी मान्य केलं. कागदपत्रांच्या फॉर्मवर सह्या. कुठं सही करायची ते त्यांना बोट ठेवून दाखवायला लागलं.

शालनचा आज मशीनवर बीपी उतरला. पाय वर करून ठेवले, मग बरं वाटलं.

२६ जानेवारी, सोमवार

वायरमन आला. म्हणाला, अर्थिंग न्हाय तुमच्या घराला, नुसती तार खोचल्या भिंतीत. असं चार्जरला चालत न्हाय, लाल दिवा दावंल. मग परसात खड्डा. मी आणि त्यानंच खणला. खाली तांब्याची पट्टी, वर मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. शेजारच्या तानाबाई भिंतीवरनं बघत होत्या. "काय पुरताय वो, अंबादास?"

"वीज पुरतोय," शालन कॉटवरनंच ओरडली.

तानाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. वायरमनपण. शालनला हसताना ठसका लागला. मी पाणी दिलं.

सगळे हसले ते लक्षात आहे. मी पाटी धरून उभा होतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीतनं पहिली फेरी. स्नेहलनं पतसंस्थेत साहेबाला सांगून मंगळवार-शुक्रवार सकाळी उशिरा यायची परवानगी घेतली आहे. सोडायला ती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत न्यायला ती. घरी पोचवून परत कामावर. पोरगी जेवते कधी कुणास ठाऊक.

परतताना शालन मागं आडवी. तावडे हॉटेलचा चौक ओलांडला, मग म्हणाली, "गाडी चालू हाय का?"

"हाय की, आई."

"कळंनाच बाई."

थोड्या वेळानं परत, "खरंच चालू हाय?"

घरापर्यंत उलटी नाही. एकही नाही! स्नेहलनं फाटकात गाडी लावली आणि स्टिअरिंगवरच टाळी वाजवली. शालन माझ्याकडं बघत होती. मी दार उघडलं, हात दिला. काहीतरी बोलायला हवं होतं मी. "टायर चांगले बसलेत," म्हणालो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उलटी नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उलटी नाही. शालन येताना खिडकीतनं बघत होती. उचगावच्या पुलाखाली कलिंगडं आलीत म्हणाली. तिला चालत नाहीत. पाणी मोजून प्यायचं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमचा फोन. "गाडी काय म्हणते?" बरी आहे म्हणालो. "आणि तुम्ही?" बरा आहे.

"एकाच शब्दात दोघांना उरकलंत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहायला पाहिजे.

दुपारी येत होतो. शाहू नाक्याच्या अलीकडं गर्दी. स्नेहल हळूच होती, वीसच्या आत. डावीकडनं स्कूटीवर एक मुलगी, कॉलेजची असेल. तिचा हँडल आमच्या आरशाला लागला आणि ती पडली. गाडीच्या डाव्या बाजूला, माझ्या खिडकीखालीच. दिसेनाशी झाली.

स्नेहलनं ब्रेक दाबला. मागं बस होती, तिनं हॉर्न धरला तो सोडेना.

मी दार उघडून उतरलो. उतरलो हे नंतर कळलं. मुलगी उठत होती. कोपर खरचटलेलं, ओढणी चाकाच्या पुढ्यात. ओढणी ओढून घेतली आणि मलाच म्हणाली, "बघून चालवता येत नाही?" मी म्हणालो, लागलं का? "न्हाई लागलं! सरका!" स्कूटी उचलली, लाथ मारून सुरू केली, गेली. सगळं मिळून एक मिनिट.

परत आलो तर स्नेहल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली. "बाबा, ती कुठाय? ती कुठाय?"

"गेली. घरला गेली. काय झालं न्हाई."

"मला न्हाई जमायचं. बाबा, मला न्हाई जमायचं हे."

मागं हॉर्न. दोघं-तिघं जमलेले, काचेतनं बघतायत. मागच्या सीटवर शालन उठून बसलेली, रंग उडालेला. आणि ऊन. स्नेहल खाली उतरून रस्त्यातच उभी राहिली, दार उघडं टाकून. दार बंद करायला मी तिकडं गेलो.

बसलो.

सीट तिच्या मापाची, गुडघे वर आले. मागं सरकवली. आरसा लावला. आधी डावा, मग मधला, मग उजवा — ही सवय हाताची, माझी नाही. बटण फिरवलं. पाय ठेवला. गेली गाडी.

घरापर्यंत सात किलोमीटर. शेजारी स्नेहल रडत.

फाटकात लावली. किल्ली काढली.

इतकी वर्षं वाटत होतं, परत बसलो तर काय होईल, छाती फुटेल, हात चालायचे नाहीत. काहीच झालं नाही. लाकडासारखा बसलो आणि लाकडासारखा उतरलो. ह्याचंच वाईट वाटायला पाहिजे. तेही वाटत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

स्नेहलला ताप. कण्हत म्हणाली, "तुम्ही तीन वर्षं कशी काढली, बाबा?" डोक्यावर पट्टी ठेवली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मीच नेलं शालनला. मीच आणलं. पोचलो ९.१०, सुटलो २.२५.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

९.०५. २.२०. आता स्नेहल वेळेवर कामाला जाते. गल्लीतले म्हणतात, बरं झालं, अंबादास परत गाडीवर आला. पेढे मागतात. देतो.

६ मार्च, शुक्रवार

शालन आता पुढं बसते. मधेच हात लांब करून माझ्या शर्टाची कॉलर नीट करते, सिग्नलला.

१० मार्च, मंगळवार

डायलिसिसला नवीन डॉक्टर आल्यात, अदिती मॅडम. लहान वयाच्या आहेत, सगळ्या पेशंटच्या फाईली पहिल्यापासून वाचत बसल्या होत्या. मला बाकावरनं आत बोलावलं.

"काका, तुमची शुगर आता किती असते?"

"कसली शुगर?"

"फाईलमध्ये लिहिलंय. पतीला मधुमेह आहे, किडनीदाता म्हणून चालणार नाही."

"मला शुगर न्हाई."

त्यांनी पान उलटून बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. "रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह." लायसनवर असतो ना, पाठच आहे.

"मग हे कुणी लिहून दिलं?" त्यांनी स्वतःच शोधलं. "पेशंटनीच सांगितलंय. चौदा महिन्यांपूर्वी. मुलीची किडनी नको म्हणूनही सांगितलंय, लग्न व्हायचंय म्हणून."

मुलीचं मला ठाऊक होतं. घरात त्यावरनं दोघींचं भांडण झालं होतं. माझं ठाऊक नव्हतं. आणि मी चौदा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं — माझी चालेल का म्हणून! एकदाही नाही. बाकावर बसत होतो. पिशवी धरत होतो.

२.३० ला सुटलो. एसटीत बरं होतं. इंजिनाच्या आवाजात माणूस गप्प बसला तरी खपून जातं. या गाडीत गप्प बसलं की ऐकू येतं.

उचगावच्या पुलाखाली विचारलं.

"मला शुगर हाय म्हणून तू सांगितलंस?"

"व्हय."

"का?"

ती समोर बघत होती. "मागितली असती तर तुमी लगीच दिली असती."

"मग?"

"मग काय! मीठ द्या म्हटलं की मीठ देत हुता, किडनी द्या म्हटलं असतं तर किडनी. तुमाला सोताचं काय पडलंवतं तवा? अजूनबी कुठं पडलंय?"

पुढं एक ट्रक वळत होता, त्याला जाऊ दिलं.

"जिवावर उदार झालेल्या मान्साकडनं काय घ्यायचं?" ती म्हणाली. "दिली असती, आन् टेबलावर तसंच डोळं मिटून पडून ऱ्हायला असता. बरं झालं, सुटलो म्हणून. मला म्हाईत न्हाई व्हय? पस्तीस वर्सं संसार केलाय. मी बरी झाल्यावर तुमाला कुठनं आणू मग?"

इंडिकेटर दिला. गाडी बाजूला घेतली. तिच्याकडं बघितलं. हाताला नळीच्या सुयांच्या गाठी, गळ्याची हाडं वर आलेली, कपाळावर घाम. चौदा महिने ही बाई आठवड्यातनं दोनदा मशीनवर पडत होती आणि मी मरू नये म्हणून खोटं सांगून आली होती.

"पाणी पायजे?" एवढंच तोंडातनं आलं.

"दोन घोट," म्हणाली. "मोजून."

दिलं. मग म्हणाली, "चला आता. ऊन लागतंय."

११ मार्च, बुधवार

दिवसभर परसात बसलो. शालननं दोनदा हाक मारली, जेवायला. दुसऱ्यांदा ऐकू आली.

१३ मार्च, शुक्रवार

आज आपणहून डॉक्टरांना जाऊन भेटलो. माझी करा तपासणी म्हणालो. म्हणाल्या, आधी दोघांनी बोलून या. काकी नाही म्हणाल्या तर मी पुढं जाणार नाही.

येताना शालनला सांगितलं. ती म्हणाली, "बघू."

गाडी मागितली तेव्हाचा माझाच शब्द तिनं मला दिला. बरोबर आहे.

१५ मार्च, रविवार

डॉक्टरांनी कागद दिलाय वाचायला. ऑपरेशन कसं होतं, किती दिवस पडून राहायचं, काय काय होऊ शकतं. वाचला. परत वाचला. तिसऱ्यांदा वाचताना 'क्वचित दात्याचा मृत्यूही होऊ शकतो' या ओळीवर थांबलो आणि कागद घडी घालून उशीखाली ठेवला. स्नेहलनं विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो.

१७ मार्च, मंगळवार

शालन मशीनवर. तिच्याच कॉटशेजारी डॉक्टरांनी तपासणीचा फॉर्म दिला, काकींसमोरच ठरवा म्हणून. नाव लिहिलं, वय लिहिलं. सहीपाशी पेन थांबलं. हात असा कापायला लागला की पेन कागदावर टकटक वाजलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, घाई नाही."

शालन पडल्या पडल्या माझ्या हाताकडं बघत होती.

"भ्या वाटतंय?"

"लई," म्हणालो.

"मग करा सही."